गाल उडतो कुणामुळे

शिंप्याच्या त्या दुकानात शिरलं की आधी दिसायची ताई, आणि ताईची दिसायची ती डावी बाजू. हे आपोआप नव्हतं बरं का. मशीन तिनं मुद्दाम तसं मांडून घेतलं होतं. समोर इस्त्रीच्या टेबलाशी तिचा थोरला भाऊ उभा असायचा, आणि त्यानं मान वर केली की त्याला तिचा डावा गाल दिसलाच पाहिजे, अशी ती मांडणी होती. डावा डोळा मिचमिचत मिटायचा, त्याच्या मागोमाग गाल वर उडायचा, ओठाचा कोपरा कानाकडे ओढला जायचा आणि क्षणभरानं सगळं पुन्हा जागेवर यायचं. मग पुन्हा तेच. दिवसभर तेच.

नवीन गिऱ्हाईक माप देता देता हमखास विचारायचं, "अगंबाई, हे काय झालं हो तुम्हाला?"

"दादाला विचारा," ताई म्हणायची. आख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात.

आणि दादा, ज्यानं एके काळी नुसत्या नजरेनं कोट बेतले होते तो दादा, मान खाली घालून बाहीवरून इस्त्री फिरवत राहायचा. इस्त्री, काजं आणि बटणं, एवढंच काम त्याच्या वाट्याला उरलं होतं. कात्रीला हात लावायची त्याला बंदी होती. दया येते ना त्याची? येऊ द्या. ताईला येत नव्हती. लग्न का नाही केलंस म्हणून कुणी विचारलं तर ती म्हणायची, "एका पुरुषाला सरळ करायचं काम आधीच आहे माझ्याकडे. दुसरा कुठे सांभाळू?"

दुकान वडिलांचं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते जिवंत होते तेव्हा कापायचं काम दादाचं आणि शिवायचं ताईचं. दादाचा हात चांगला होता, हे ताईही नाकारायची नाही. कापड वाचवण्यात तर त्याचा हातखंडा. एक तुकडा डोक्याकडून, दुसरा पायाकडून, असे उलटसुलट मांडून तो एवढंसं कापड असं पुरवायचा की गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. साध्या कापडात हे चालतं. मखमलीत चालत नाही. मखमलीला लव असते. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेनं गेली नाही, तर एकाच ताग्यातले दोन तुकडे उजेडात दोन रंगांचे दिसतात. दादाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. पण हुशारीची सवय लागलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही.

"दादा, लव बघून मांड," ताईनं त्याला सांगितलं होतं.

"तू मला शिकवणार? जा, दोरा ओव."

मखमलीचा तो कोट होता एका मुख्याध्यापिकाबाईंचा. बाई तो घालून बघायला आल्या, खिडकीशी आरशासमोर उभ्या राहिल्या. ताई गुडघ्यांवर बसून खालची किनार टाचत होती. हात मोकळे राहावेत म्हणून शिंपी टाचण्या ओठांत धरतात, तशा तिनं धरल्या होत्या. बाई वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. "मास्तर, हे काय? पुढून फिका आणि पाठीला गडद? दोन कापडं लावलीत की काय?"

मास्तरांनी दादाकडे पाहिलं. दादानं ताईकडे बोट दाखवलं. "हिनं कापलंय. मी सांगत होतो, हिला मखमलीला हात लावू देऊ नका."

चोराच्या उलट्या बोंबा! ताई ताडकन उठली. बोलायला गेली, पण तोंडात टाचण्या. तोंडातून निघालं ते नुसतं अं अं. तिनं टाचण्या काढायला हात वर केला, आणि दादाला कळून चुकलं की टाचण्या निघाल्या की खरं बाहेर पडणार. त्यानं खाडकन तिच्या डाव्या गालावर ठेवून दिली.

दोन टाचण्या आतून गालात घुसल्या. रक्त हनुवटीवरून किनारीवर सांडलं. बाई किंचाळल्या, मास्तरांनी पाणी आणलं, दादा पांढराफटक पडला. त्या गडबडीत मखमल कुणी कापली, हा प्रश्नच बाजूला पडला. तोंड सुजलेलं, भाताची पेजसुद्धा गिळवेना, तरी ताई मास्तरांना म्हणाली, "बाबा, ते मी कापलं नव्हतं." मास्तर म्हणाले, "बरं बरं, झालं ते झालं." आणि दादाला त्यांनी बोलावून झापलं, "पोरीची चूक झाली म्हणून काय हात उचलायचा?"

पोरीची चूक! थोबाडीत बसली ते ताई एक वेळ विसरली असती. हे वाक्य ती विसरली नाही. दादानं पुढे पाय धरून माफी मागितली, पण कशाची? मारल्याची. टाचण्यांची. मखमलीचं अवाक्षर नाही. त्या दिवसापासून तिनं जो डूख धरला तो धरलाच.

पण नुसता डूख धरून काय होतं? घर चालू राहिलं, दादा कापत राहिला. गाल बरा झाला, डागही राहिला नाही, आणि ज्याचा डाग राहत नाही ती गोष्ट घडलीच नाही असं लोक धरून चालतात. दोनेक वर्षं अशी गेली. मग एके दिवशी ताईच्या डाव्या डोळ्याखालची कातडी थरथरायला लागली.

सुरुवातीला सगळे हसण्यावारी नेत होते. शेजारीण म्हणाली, "डावा डोळा लवतोय, काहीतरी लाभ होणार बघ." डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, जागरण करू नका, चहा कमी करा, सारखं बारीक काम करून डोळे शिणलेत, पापणीचं असं फडफडणं आपोआप थांबतं. ताईनं चहा सोडला. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं डोळ्यावर ठेवून पाहिलं. कुणी केळी खा म्हणालं, कुणी तेल चोळ म्हणालं, कुणी म्हणालं पापणीला चिकटपट्टी लाव. पट्टी लावून ती दिवसभर समुद्री चाच्यासारखी दिसत होती, पण फडफड हलली नाही. उलट ती खाली सरकली, गालात आली, मग ओठात आली. झोपेतही गाल उडतो, असं वहिनीनंच बघून सांगितलं. वहिनी म्हणजे दादाची बायको.

आणि मग एकदा मास्तर जेवता जेवता थांबले. ताईच्या गालाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "टाचण्या. तिथेच घुसल्या होत्या ना?"

झालं! सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. दादाच्या हातून घास गळला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दादाची मोठी कात्री उचलून ताईच्या हातात दिली. शेजारणीचं भाकीत खरं ठरलं म्हणायचं, लाभ झाला. फक्त मास्तर तिच्या मागे उभे राहून प्रत्येक वेळी विचारायचे, "लव बघितलीस ना ग?" मरेपर्यंत विचारत राहिले. ताई दात खाऊन म्हणायची, "बघितली, बाबा."

मास्तर गेले तरी ताईनं बंदी तशीच ठेवली. दादानं कधी हूं की चूं केलं नाही. त्याला खरंच वाटत होतं की आपण बहिणीच्या चेहऱ्याचं वाटोळं केलं. ताई ते वाटणं रोज पाणी घालून वाढवत होती. गाल उडायला लागला की ती हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघत बसायची. तो घामेजायचा. तिला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. त्यात लपवायचं काय?

असंच चाललं असतं, पण दादाच्या मुलीचं लग्न ठरलं.

पोर गुणी, आत्यावर जीव टाकणारी. तिच्या लग्नाच्या झग्यासाठी पांढरं रेशमी कापड आलं आणि कापायच्या टेबलावर पडून राहिलं. एका दुपारी दादा इस्त्री ठेवून ताईसमोर येऊन उभा राहिला. "ताई, एवढा एक झगा मला कापू दे. पोरीचा आहे. परत कात्रीला शिवणार नाही."

ताईचा गाल उडाला. "ह्याला विचार," ती गालावर बोट ठेवून म्हणाली.

वहिनी एवढी वर्षं मूग गिळून गप्प होती. त्या दिवशी ती बोलली. "ताई, ह्याला विचारायचं तर नीट विचारू या. नसांच्या डॉक्टरांकडे जा. टाचण्यांनीच झालंय असं ते म्हणाले, तर मी ह्यांना कात्रीचं नाव काढू देणार नाही. पण तसं नसलं तर झगा हे कापणार. कबूल?"

"कबूल!" ताई म्हणाली. तिला कसली भीती? टाचण्या घुसल्याचं आख्ख्या दुकानानं पाहिलं होतं. शिवाय आता डोळा ऐन शिवताना मिटायला लागला होता. मागच्याच आठवड्यात सुई नखातून गेली असती. जायला तर हवंच होतं.

नसांच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी ताईला डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला लावले, दात दाखवायला लावले. मग मेंदूचा फोटो काढायला पाठवलं, त्या ढणढणणाऱ्या नळकांड्यात. वहिनी बाहेर बाकावर बसली होती. फोटो आला तेव्हा ताई एकटीच आत गेली.

"टाचण्यांमुळेच ना?" खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं.

बाईंनी सगळी हकीकत ऐकून घेतली. चेहऱ्यावर कळवळा होता, पण मान नकारार्थी हलली. "टाचण्यांनी गालातली नस दुखावली असती तर तेव्हाच ओठ लुळा पडला असता. तुमचं दोन वर्षांनी सुरू झालं, तेही डोळ्यापाशी. हे मूळ गालात नाहीच." त्यांनी पडद्यावर कानामागची जागा दाखवली. "इथे चेहऱ्याची नस मेंदूतून बाहेर पडते. तिच्यावर तुमची एक रक्तवाहिनी टेकली आहे. ती ठोके देते आणि नस चाळवत राहते. म्हणून अर्धा चेहरा ओढला जातो. वयानुसार रक्तवाहिन्या जरा वळतात, सरकतात. कुणाकुणाच्या बाबतीत असं होतं."

"मग थोबाडीत बसल्यावर सरकली असेल."

"थोबाडीत मारून इतक्या आतलं काही सरकत नाही हो."

"तुमचं यंत्र बिघडलं असेल!"

बाई हसल्या. ताई हसली नाही. तिला त्या बाईंचा इतका राग आला की टेबलावरची टाचणी उचलून त्यांनाच टोचावी. एवढी वर्षं साप म्हणून भुई धोपटली की काय तिनं? समोर तिचीच एक शीर, तिच्याच डोक्यात बसून तिचाच गाल हलवत होती, आणि दादा उगाच मान खाली घालून उभा होता.

बाई उपाय सांगत होत्या. पापणीत आणि गालात बारीक सुईनं औषध टोचायचं, त्यानं ओढणारे स्नायू सैल पडतात. तीन-चार महिन्यांनी असर उतरतो, पुन्हा टोचावं लागतं. कायमचा उपाय हवा तर कानामागे शस्त्रक्रिया, नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये मऊ तुकडा बसवायचा. त्यात थोडा धोका असतो, ऐकूही कमी येऊ शकतं. शस्त्रक्रियेचं ताईनं एवढंच ऐकलं की आपण अस्तर लावतो तसलं काहीतरी असतं. "टोचा," ती म्हणाली.

बाहेर वहिनी उठून उभी राहिली. "काय म्हणाल्या?"

"टाचण्याच," ताई म्हणाली.

वहिनीचा चेहरा पडला. घरी जाऊन तिनं दादाला काय सांगितलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आला तो आजारी माणसासारखा. ताईनं डावा गाल त्याच्याकडे केला आणि मशीनचं चाक फिरवलं. खोटं बोलल्याची तिला लाज वाटली का? थोडी वाटली. पण त्याच्याही खोट्याचा हिशोब राहिलाच होता की!

औषधाचा असर आठवडाभरात दिसायला लागला. आधी ओठ शांत झाला, मग गाल, मग डोळा. एक दिवस ताई आरशासमोर उभी राहिली आणि बघतच राहिली. आरशातली बाई तिच्याकडे सरळ बघत होती. किती वर्षांनी! तिला रडू आलं, आणि रडतानाही चेहरा वाकडा झाला नाही. पोर धावत आली, आत्याच्या गळ्यात पडली. दुकानातल्या दोघा कारागिरांनी सगळ्यांना मिठाई वाटली.

आणि दादा हसत हसत आला. हसत! "ताई, देवानं ऐकलं बघ. बरी झालीस. आता झालं गेलं विसरून जाऊ. मी म्हणतो, तो झगा..."

त्याचा हात टेबलावरच्या कात्रीकडे निघाला होता.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाल उडत होता तोवर तो गुन्हेगार होता. गाल थांबला आणि लगेच सगळं माफ? म्हणजे तिच्या अंगावर डाग दिसत असेल तोवरच तिचं दुःख खरं? तिनं कात्रीवर हात ठेवला.

"सगळे इकडे या," ती म्हणाली. वहिनी आली, पोर आली, कारागिरांनी मशीनं थांबवली.

"वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोलले. टाचण्यांमुळे नव्हतं ते. माझ्याच डोक्यातली एक रक्तवाहिनी नसेवर टेकली होती. दादाच्या मारण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याच्या हातून माझा चेहरा बिघडलेला नाही. ऐकलंत सगळ्यांनी?"

वहिनी मटकन खाली बसली. "एवढी वर्षं हो," ती पुटपुटली. "एवढी वर्षं ह्यांनी..."

दादानं टेबलाचा आधार घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. ताईनं त्याला तेवढा वेळ दिला. मग म्हणाली, "जे तू केलं नव्हतंस, त्याची शिक्षा तू भोगलीस. मी भोगायला लावली. ते माझं पाप, मी सगळ्यांसमोर सांगितलं. आता जे तू केलंस ते तू सांग. ती मखमल कुणी कापली होती?"



"एवढं सांग," ताई म्हणाली. "सांग आणि कात्री घे. आजच्यापुरती नाही, कायमची घे. मी इस्त्री करते."

दादानं कात्रीकडे पाहिलं. मग कारागिरांकडे. ते त्याला अजून गुरू मानत. दादांचा हात म्हणजे काय हात होता, असं नव्या गिऱ्हाइकांना सांगत. मग त्यानं मुलीकडे पाहिलं.  तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी त्याला बोलता येईना.

"बाबा?" पोर म्हणाली. "तुम्ही कापली होती?"

"इतकी जुनी गोष्ट," दादा म्हणाला. "आता कुणाला आठवतंय?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. वहिनीनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला काही समजावायची गरज उरली नव्हती. हो म्हणाला असता तर एका चुकलेल्या कोटाचा धनी झाला असता आणि कात्री मिळाली असती. त्यानं कात्री सोडली, पण कबूल केलं नाही. इतकी वर्षं ताई समजत होती की बंदी तिनं घातली आहे. ती उठवणं पहिल्यापासून त्याच्याच हातात होतं.

"तूच काप," दादा अखेरीस म्हणाला. "तुझा हात आता बसलाय." आणि तो इस्त्रीच्या टेबलाकडे वळला.

ताईला आनंद झाला. खोटं कशाला बोला? पोटभर आनंद झाला, सूड उगवल्याचा. त्याची पाठ बघून त्याची कीव आली तेही खरं, पण ती तिनं गिळून टाकली.

पोरीनं रेशमी कापड स्वतः उलगडून आत्यासमोर पसरलं. बापाकडे तिनं पाहिलं नाही. ताईनं खडू उचलला, गळ्यातली टेप काढली.

"सरळ उभी राहा ग," ती म्हणाली. "आणि श्वास रोखून धरू नकोस, माप चुकतं."